डॉ. आनंदीबाईंचे पहिले वर्ष

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांपैकी एक वाशिमचे. तोपर्यंत रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर किंवा कारंजाच्या मुलाला एमबीबीएस करायचे तर अकोला, यवतमाळ, नागपूर गाठावे लागे. आता जिल्ह्यालाच आपले महाविद्यालय मिळाले. प्रवेश मिळाल्याचा पेढा घरोघर वाटला जातो, पांढऱ्या ॲप्रनमधला फोटो भिंतीवर लागतो. त्यानंतरचे पहिले वर्ष कसे जाते, हे मात्र बहुतेक घरांत कुणी विचारत नाही. नवी भाषा, नवे गाव, मेसचे जेवण, रात्रीची जागरणे आणि समोर टेबलावर मानवी देह. या वर्षाने कुणी घडते, कुणी आतून खचते, तर कुणाच्या अंगात एखादे दुखणे मुक्कामाला येते आणि अभ्यासाच्या धबडग्यात त्याकडे लक्षच जात नाही.

सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका मराठी मुलीने असेच पहिले वर्ष काढले, तेही सातासमुद्रापार. तिचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आनंदी गोपाळ जोशी यांच्यावर कादंबरी आली, नाटक आले, चित्रपट आला. शाळेच्या पुस्तकातून त्यांची जिद्द सर्वांनी वाचली. त्यांच्या प्रकृतीची कहाणी मात्र जिद्दीच्या गोष्टीत झाकून गेली. वैद्यकीय शिक्षणाच्या दृष्टीने तीच अधिक शिकवणारी आहे.

कल्याणची यमुना

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचे आणि माहेरचे नाव यमुना. घराणे एके काळी जमीनजुमला असलेले, पण पुढे ओढगस्तीला लागलेले. नवव्या वर्षी यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि वयाने बरेच मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. त्या काळी नवऱ्याने बायकोला शिकवणे म्हणजे घरात आणि आळीत चेष्टेला निमंत्रण. गोपाळरावांनी ती चेष्टा अंगावर घेतली.

हा ध्यास मात्र मऊ हाताचा नव्हता. अभ्यासात कुचराई झाली की गोपाळराव चिडत आणि मारहाणही करीत. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या दिवसांची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. शिक्षण मिळाले म्हणून त्या कृतज्ञ होत्या, पण ते कसे मिळाले हे विसरल्या नव्हत्या. त्यांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत शेजारी शेजारी राहिल्या.

चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, असे त्या कोवळ्या आईच्या मनाने घेतले. बाईची नाडी बाईनेच पाहावी, असे मानणारा तो समाज. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा घरातल्या अंधाऱ्या खोलीत सोसत राहणे हेच कुलीनपणाचे लक्षण समजले जाई. स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच. जे दुःख त्या काळी घरोघर होते आणि नशिबाच्या खात्यात टाकले जात होते, त्याचे कारण या मुलीने शोधले आणि उपाय स्वतःच व्हायचे ठरवले.

दंतवैद्याच्या दालनातले मासिक

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग थेट बंगाल. कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, अशी विचारणा केली. वाइल्डर यांनी धर्मांतर सुचवले आणि हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. धर्म सोडायला जोशी दांपत्य तयार नव्हते. प्रकरण तिथेच थांबायचे.

पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० साली दंतवैद्याकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेल्या मासिकात त्यांनी तो पत्रव्यवहार वाचला आणि कोण कुठल्या हिंदुस्थानी मुलीला पत्र लिहिले. त्यातून मैत्री जुळली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

या पत्रांत प्रकृतीचा विषय वारंवार येतो. आनंदीबाईंना सतत डोकेदुखी असे, अधूनमधून ताप येई, अशक्तपणा वाटे, कधी धाप लागे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली. त्यांचा उपयोग झाला नाही. म्हणजे जहाजात पाऊल ठेवण्याआधीच ही मुलगी आजारी होती. आज एखाद्या विद्यार्थिनीने ही चार लक्षणे सांगितली, तर प्रवेशाच्या वेळच्या तपासणीत हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी सहज होईल. तेव्हा एक्स-रे नव्हता, तो १८९५ साली सापडला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्ये नुकताच जगापुढे आणला होता. ते ज्ञान साध्या दवाखान्यापर्यंत पोचायला अजून अवकाश होता.

हिंदुस्थानात मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. पण पुरुष शिक्षक, पुरुष सहाध्यायी आणि परक्या शहरात एकट्या हिंदू बाईला राहायला जागा नाही, अशा अडचणी होत्या. फेब्रुवारी १८८३ मध्ये कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथील महाविद्यालयात आनंदीबाईंनी जाहीर व्याख्यान दिले आणि आपण अमेरिकेला का जात आहोत, हे मुद्देसूद सांगितले. वय अठराही पूर्ण नव्हते. समुद्र ओलांडला की जात गेली, असे मानणाऱ्यांसमोर त्यांनी निक्षून सांगितले की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांचे जहाज कलकत्त्याहून सुटले. सोबत मिशनरी बायका होत्या, घरचे कुणी नव्हते. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाई बंदरावर आल्या होत्या. उन्हाळा रोझेलला त्यांच्या घरी गेला. चांगले खाणे, मायेची माणसे, मोकळी हवा. हे तीन-चार महिने आनंदीबाईंच्या अमेरिकेतल्या सुखाच्या दिवसांपैकी होते.

कॉलेज कसे होते?

ऑक्टोबर १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात त्या दाखल झाल्या. १८५० साली स्थापन झालेले हे महाविद्यालय खास स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी उभारलेल्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी होते. डीन होत्या रेचल बोडली, रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. आनंदीबाईंच्या अर्जात शालेय प्रमाणपत्रांचे भेंडोळे नव्हते. आपल्या देशातल्या बायकांसाठी हे शिक्षण का हवे आहे, एवढेच त्यात कळकळीने मांडले होते. कॉलेजने प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीचीही तजवीज केली.

अमेरिकेतही स्त्रियांची वाट सोपी नव्हती. याच कॉलेजच्या विद्यार्थिनी १८६९ साली शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शिकायला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. त्या गोष्टीला आनंदीबाई आल्या तेव्हा पुरती चौदा वर्षेही झाली नव्हती. त्यामुळे इथल्या शिक्षिका कडक होत्या. आपली विद्यार्थिनी कमी पडली तर साऱ्या स्त्रीजातीला बोल लागेल, ही जाणीव त्यांना होती.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, रसायनशास्त्र, औषधद्रव्यांची ओळख. आज एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायनशास्त्र असते. इतक्या वर्षांत पाया तोच राहिला आहे. फरक सोयींचा. आज शवविच्छेदनासाठीचा देह फॉर्मलिनमध्ये जतन केलेला असतो. फॉर्मलिनचा हा उपयोग १८९३ च्या सुमारास कळला. त्याआधी जतनाची साधने तोकडी होती, म्हणून विच्छेदन शक्यतो थंडीच्या महिन्यांत उरकत. कडाक्याच्या थंडीत, गार पडलेल्या दालनात, तासन्‌तास उभे राहून काम. रबरी हातमोजे शस्त्रक्रियेतसुद्धा अजून आले नव्हते, तर विच्छेदनात कुठले असणार?

महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरात वाढलेल्या मुलीला प्रेताचा स्पर्श म्हणजे विटाळ आणि त्यावर स्नान. वैद्यकाचे शिक्षण मात्र त्या स्पर्शाशिवाय सुरूच होत नाही. आजही पहिल्या वर्षाचा विद्यार्थी विच्छेदन दालनातून आल्यावर पहिले काही दिवस नीट जेवत नाही. आता देहदात्याला नमस्कार करून, शपथ घेऊन विच्छेदनाला सुरुवात करण्याची चांगली पद्धत रूढ झाली आहे. त्यातून मनाला आधार मिळतो. आनंदीबाईंना तो आधार आपल्या हेतूतून मिळवावा लागला.

भाषेचा प्रश्नही होताच. इंग्रजी त्या घरी आणि थोडे मिशनरी शाळेत शिकल्या होत्या. शरीररचनेची लॅटिन नावे, इंग्रजीतली व्याख्याने आणि त्यावर परीक्षा. मराठी माध्यमातून बारावी करून आलेल्या मुलाला आज जी धाकधूक होते, तीच. त्यांनी ती मेहनतीने पार केली. अभ्यासात त्या मागे पडल्या नाहीत.

त्या वर्षात जगाचे वैद्यक किती वेगाने बदलत होते, हे पाहण्यासारखे आहे. डिसेंबर १८८३ मध्ये कॉख पटकीचा शोध घेत कलकत्त्याला पोचले आणि १८८४ च्या सुरुवातीला तिथल्या रुग्णांत आणि तळ्याच्या पाण्यात त्यांना पटकीचा जंतू सापडला. ज्या शहरातून आनंदीबाई शिकायला निघाल्या, त्याच शहरात त्यांच्या पहिल्या वर्षात आधुनिक जंतुशास्त्राचा हा मोठा शोध लागत होता. त्याच १८८४ साली घटसर्पाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवला गेला. रोग दैवाने होत नाही, त्याला कारण असते आणि ते शोधता येते, हा विचार घेऊन वैद्यकाची ती पिढी बाहेर पडत होती.

थंडी, धूर आणि ताट

आता त्या पहिल्या हिवाळ्याकडे वळू. आनंदीबाई कॉलेजजवळच्या खोलीत एकट्या राहत होत्या. खोली गार, शेगडी नीट पेटत नसे, पेटली तर धूर खोलीत कोंडे. दारे-खिडक्या उघडाव्यात तर बाहेर बर्फ. कोंदट हवा आणि धूर यांनी श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराची संरक्षणाची शक्ती घटते, हे आज पक्के ठाऊक आहे. श्वासनलिकेत बारीक केसांसारखे तंतू असतात. ते कफ आणि त्यात अडकलेले जंतू वर ढकलत राहतात. धुराने त्यांचे काम मंदावते आणि जंतूंना फुप्फुसात तळ ठोकायला वाव मिळतो.

दुसरा प्रश्न जेवणाचा. आनंदीबाई पूर्ण शाकाहारी होत्या आणि हा नेम मोडायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. त्या स्वतः रांधून खात. पण वरण, भाकरी, ताक, भाजी हे ताट फिलाडेल्फियात कुठून येणार? दिवसभर व्याख्याने आणि दालनातले काम, रात्री अभ्यास, त्यात स्वतःचा स्वयंपाक. ज्यांनी वसतिगृहात राहून स्वतः रांधले आहे, त्यांना सांगायला नको की अशा वेळी पहिली काटछाट कशात होते. उष्मांक कमी पडले आणि प्रथिने कमी पडली की शरीर स्नायूही जाळू लागते आणि रोगप्रतिकारशक्ती खालावते. जीवनसत्त्व हा शब्दच १९१२ साली जन्मला, त्यामुळे ताटात काय कमी आहे हे डॉक्टर होऊ घातलेल्या मुलीलाही कळण्याचा मार्ग नव्हता. फिलाडेल्फियाच्या अक्षांशावर हिवाळ्यातले ऊन इतके तिरपे असते की त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व फारसे तयारच होत नाही. त्वचा सावळी आणि अंग झाकलेले असेल तर आणखी कमी.

तिसरा प्रश्न कपड्यांचा. नऊवारी नेसले की पोटऱ्या उघड्या राहतात. कोकणच्या हवेला ते ठीक, पण गोठवणाऱ्या थंडीत नाही. आनंदीबाईंनी पाय झाकले जातील अशी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. हा बदल प्रकृतीसाठी होता. तो कळताच गोपाळरावांनी पत्रातून राग व्यक्त केला. एक पत्र पोचायला कित्येक आठवडे लागत. म्हणजे एका गैरसमजाचा खुलासा होऊन उत्तर हाती पडेपर्यंत दोन-तीन महिने मनाला घोर. ज्या माणसाने शिकायला पाठवले, त्याचाच संशय आणि बोलणी पत्रातून येत राहिली. आनंदीबाईंनी त्यांना नम्र पण ठाम उत्तरे लिहिली. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीवर अभ्यासाचे ओझे पुरेसे असते. त्यात घरून येणाऱ्या ताणाची भर पडली की झोप आणि भूक दोन्ही जाते.

त्या हिवाळ्यात त्या आजारी पडल्या. डीन बोडली आणि कार्पेंटर कुटुंब यांनी काळजी घेतली, म्हणून सावरल्या आणि पुन्हा अभ्यासाला लागल्या. त्यानंतर प्रकृती पूर्ववत कधीच झाली नाही. दुसरे वर्ष, तिसरे वर्ष असेच गेले. थोडे बरे वाटले की काम, काम वाढले की ताप.

क्षयाचे शास्त्र इथे थोडक्यात समजून घेऊ. क्षयाचे जंतू हवेतून श्वासावाटे शरीरात येतात. संसर्ग झालेल्या बहुतेकांना लगेच आजार होत नाही. शरीर त्या जंतूंना जणू कोंडून ठेवते आणि ते वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. कुपोषण, मधुमेह, सततचा ताण, दुसरा एखादा आजार यांनी पहारा ढिला पडला की ते डोके वर काढतात. म्हणून क्षय जंतूचा रोग आहे तसाच तो ताटाचा आणि घराचाही रोग आहे. झारखंडमध्ये झालेला आणि २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याला पुष्टी देतो. क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषके दिली, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटले. त्यात औषध नव्हते, फक्त पोटभर आणि चांगले जेवण होते.

पदवी आणि परतीची वाट

गोपाळराव १८८५ साली अमेरिकेत आले. त्याच वर्षीचे एक छायाचित्र आजही पाहायला मिळते. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लांबूली अशा तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. तिघी आशिया खंडाच्या तीन कोपऱ्यांतून एकाच कामासाठी आल्या होत्या.

आनंदीबाईंनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा होता. त्यात त्यांनी आपल्याकडच्या जुन्या वैद्यकग्रंथांचा आधार घेतला. चौदाव्या वर्षी गमावलेल्या बाळाच्या दुःखातून जो प्रश्न उभा राहिला, त्याच प्रश्नावर त्यांनी अभ्यासाचा शेवट केला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. नात्यातल्या पंडिता रमाबाई त्या समारंभासाठी इंग्लंडहून आल्या होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचे नाव नोंदले गेले. त्याच १८८६ साली कलकत्त्याला कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले.

कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. नोकरी ठरली होती, विभाग वाट पाहत होता. पण १८८६ च्या नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईला उतरल्या, तेव्हा दुखणे हाताबाहेर गेले होते. गावोगावी स्वागताची तयारी होती आणि डॉक्टरीणबाईंना उठून बसणे कठीण झाले होते. आधी विरोध करणारेही आता अभिमानाने बोलू लागले होते. पुण्यात उपचार झाले. पण क्षयावर गुणकारी औषध जगात कुठेच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडायचे होते.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंनी देह ठेवला. बाविसावा वाढदिवस एक महिन्यावर आला होता. डॉक्टर म्हणून एकाही रुग्णाची स्वतंत्रपणे शुश्रूषा त्यांना कोल्हापुरात करता आली नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती विसावली. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आज त्यांचे नाव आहे.

पुढच्याच वर्षी, १८८८ साली, कॅरोलिन डॉल यांनी इंग्रजीत आणि त्यानंतर काशीबाई कानिटकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. वाट मोडली नाही. रखमाबाईंनी १८९४ साली लंडनहून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले, सुरत आणि राजकोटला अनेक वर्षे बायकांची सेवा केली आणि नव्वदी गाठली. आनंदीबाईंना जे आयुष्य मिळाले नाही ते कसे असू शकले असते, हे रखमाबाईंकडे पाहिले की कळते.

ही गोष्ट कशी वाचावी?

आनंदीबाईंची गोष्ट बहुधा त्यागाची म्हणून सांगितली जाते. देशासाठी, शिक्षणासाठी जीव वेचला, असे म्हणून हात जोडले जातात. डॉक्टरी नजरेने पाहिले तर ती एका आजारी विद्यार्थिनीची गोष्टही आहे. तिच्या बुद्धीवर नवऱ्याने, कॉलेजने, समाजाने, वर्तमानपत्रांनी लक्ष ठेवले. तिच्या वजनावर, खोकल्यावर, झोपेवर लक्ष ठेवणारी माणसे थोडी होती आणि त्या माणसांच्या हाती साधने नव्हती. आज साधने आहेत. त्यामुळे आज तशीच एखादी मुलगी खंगत गेली, तर त्याला त्याग म्हणता येणार नाही. त्याला दुर्लक्ष म्हणावे लागेल.

म्हणून वाशिममधल्या किंवा कुठल्याही महाविद्यालयात मूल पाठवणाऱ्या घरांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, मंदावलेली भूक यांपैकी काही असेल तर अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देऊ नये. थुंकीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. यंत्रावरच्या जनुकीय तपासणीत क्षयाचा जंतू आहे का आणि तो नेहमीच्या मुख्य औषधाला दाद देईल का, हे काही तासांत कळते. साधा क्षय सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो, तीही मोफत मिळतात. उपचारकाळात पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नये. त्यातून औषधाला दाद न देणारा क्षय तयार होतो आणि तो बरा करणे फार जड जाते.

वैद्यकीय विद्यार्थी तर पुढे रोज रुग्णांच्या सहवासात राहणार असतात. त्यांनी वर्षातून निदान एकदा स्वतःची तपासणी करून घ्यावी आणि वॉर्डात मास्क वापरण्याची लाज बाळगू नये. वसतिगृहाची खोली हवेशीर असावी, खिडकी उघडी राहावी. मेसमध्ये डाळ घट्ट असावी. अंडे, दूध, शेंगदाणे, हरभरे, मोसमी फळ यांपैकी काही ना काही रोज पोटात जावे. वऱ्हाडात तूर आणि हरभरा मुबलक पिकतो, तो मुलांच्या ताटात पोचायला अडचण नसावी. जेवण चुकवून वाचलेला धडा दुसऱ्या दिवशी लक्षात राहत नाही, हे शरीरक्रियाशास्त्रच सांगते. मेंदूला साखर लागते आणि शिकलेले पक्के व्हायला झोप लागते.

मनाच्या बाबतीतही तेच. पहिल्या वर्षात विषय न कळणे, इंग्रजी अडणे, रडू येणे, घर आठवणे हे फार मुलांना होते. त्यात कमीपणा नाही. घरच्यांनी फोनवर आधी मार्क विचारण्याऐवजी आधी जेवलास का, झोपलीस का, हे विचारावे. मन फारच खचले तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, तेही मोफत आणि दिवसरात्र. गोपाळरावांच्या प्रत्येक पत्राने आनंदीबाईंचा अभ्यास वाढला की घोर वाढला, याचा विचार आजच्या पालकांनी जरूर करावा.

कल्याणच्या एका घरात दहा दिवसांचे बाळ गेले, म्हणून एक मुलगी डॉक्टर व्हायला निघाली. तिने पदवी मिळवली, पण तिची कोल्हापूरची खुर्ची रिकामी राहिली. तिला वाचवणारे औषध तेव्हा नव्हते. आज ते तालुक्याच्या रुग्णालयात आहे. वाशिमच्या वसतिगृहात आज रात्री कुणी पहिल्या वर्षाची मुलगी खोकत अभ्यास करत असेल, तर सकाळी शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीने तिला हाताला धरून तपासणीला न्यावे.